गाणारं कोण? एका नसलेल्या वाद्यवृंदाची गोष्ट



वाडीला व्याख्यान द्यायचं म्हणजे एक अडचण असते. समोरचे निम्मे श्रोते पालखीच्या वेळेवर डोळा ठेवून बसलेले असतात. तेव्हा आम्ही वेळेत संपवू, काळजी नसावी. (हशा)

विषय कळल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे; हे अमेरिकेतलं पोरासोरांचं गाणं कुठून काढलंत?’ गाणं पोरासोरांचं आहे, हे कबूल. प्रश्न मात्र तसा नाही. तबकडी वाजते, तिच्यावर गाणाऱ्यांचं नाव छापलेलं असतं, लाखो लोक ती विकत घेतात, आणि त्या नावाचं कोणी माणूसच जगात नाही. मग गायलं कोण?

ही कल्पना नव्हे, घडलेली गोष्ट आहे. डॉन कर्शनर नावाचा एक संगीत व्यावसायिक होता. १९६६ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘द मंकीज’ ही मालिका आली. चार तरुण, त्यांचा वाद्यवृंद, त्यांच्या गमतीजमती. गाणी कर्शनर पुरवायचा, वाद्यं बहुतेक भाडोत्री वादक वाजवायचे. पण झालं काय, त्या चार पोरांना वाटू लागलं की आपण खरेच कलावंत आहोत. आमची वाद्यं आम्ही वाजवणार, गाणी आम्ही निवडणार, असं ते म्हणू लागले. भांडण विकोपाला गेलं आणि १९६७ च्या सुरुवातीला कर्शनरलाच बाहेर पडावं लागलं.

यातून त्याने जो धडा घेतला, तो मोठा विलक्षण आहे. माणसं भांडतात ना? मग माणसंच नकोत! आर्ची हा चित्रकथेतला शाळकरी मुलगा अमेरिकेत १९४१ पासून घरोघरी माहीत होता. त्याची कार्टून मालिका सप्टेंबर १९६८ मध्ये सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. त्यात आर्ची आणि त्याच्या मित्रमैत्रिणींचा एक वाद्यवृंद दाखवला होता, ‘द आर्चीज’. त्याच्या संगीताचं काम कर्शनरकडे आलं. चित्रातला आर्ची मानधन वाढवून मागत नाही. चित्रातली व्हेरोनिका ‘हे गाणं मला आवडत नाही’ म्हणत नाही. मालकाला याहून सोयीचे कलावंत कुठे मिळणार?

पण चित्राला गळा नसतो. तो माणसाकडूनच आणावा लागतो. म्हणून न्यूयॉर्कच्या स्टुडिओत माणसं जमवली गेली. मुख्य आवाज रॉन डांटे या तरुण गायकाचा. तो एकदा गायचा, मग स्वतःच्याच आवाजावर पुन्हा गायचा, मग पुन्हा. एका गळ्याचे थर चढवत एक मेळा उभा राहायचा. बाईचा आवाज टोनी वाइनचा. ती स्वतः चांगली गीतकार. गाणी जेफ बॅरी आणि अँडी किम यांची. गिटारवर ह्यू मॅक्रॅकन, बासवर चक रेनी, ड्रमवर गॅरी चेस्टर. हे सगळे पट्टीचे वादक, एका दिवसात चार ठिकाणी वाजवून येणारे.

१९६९ साली त्यांचं ‘शुगर, शुगर’ आलं. ते वर्ष आठवून पाहा. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला लाखोंचा समुदाय चिखलात बसून ‘खरं’ संगीत ऐकत होता, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर काय, तर हे चित्रातल्या पोरांचं गाणं! चार आठवडे तिथे, नंतर इंग्लंडात आठ आठवडे. ‘बिलबोर्ड’च्या वार्षिक यादीतही १९६९ चं पहिलं गाणं तेच. या प्रकाराला ‘बबलगम’ म्हणायचे. चघळायचं, फुगा करायचा, थुंकायचं. नाश्त्याच्या धान्याच्या खोक्यावर आर्चीजच्या तबकड्या छापलेल्या असत. पोरांनी त्या कापून वाजवायच्या. गाण्याची अशी पुडी बांधलेली तुम्ही पाहिली नसेल.

आणखी एक गंमत. त्याच सुमारास ‘द कफ लिंक्स’ नावाच्या दुसऱ्या एका मंडळीचं ‘ट्रेसी’ हे गाणं पहिल्या दहांत पोचलं. त्यातला मुख्य आवाज कोणाचा? रॉन डांटेचाच. मागचे सूरही त्याचेच. स्वतःशीच त्याची स्पर्धा चालली होती आणि दोन्हीकडे त्याचं नाव नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकन धंदेवाईकपणा. थांबा. आपल्या घरात डोकावू.

१९४९ च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ कोणाचं, हे आज शेंबडं पोरही सांगेल. पण ती तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे कोण? चित्रपटातली नायिका, मधुबालाने केलेली भूमिका! जे आर्चीजचं १९६८ ला झालं, ते आपल्याकडे एकोणीस वर्षं आधी झालं होतं. लोकांनी रेडिओला विचारणा केली, ‘ही गाते ती कोण?’ तेव्हा खरं नाव नभोवाणीवरून कळलं : लता मंगेशकर.

दुसरं उदाहरण तर आपल्या कोल्हापूरचं. साठच्या दशकात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना ‘आनंदघन’ नावाचे संगीतकार लाभले. ‘मोहित्यांची मंजुळा’ १९६३, ‘मराठा तितुका मेळवावा’ १९६४, ‘साधी माणसं’ १९६५, ‘तांबडी माती’ १९६९. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला. समारंभात आनंदघनांचं नाव पुकारलं, तर कोणी उठेना. शेवटी व्यासपीठावरूनच सांगावं लागलं की आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लताबाई.

या दोन गोष्टींत फरक आहे, आणि आमच्या मते सगळा विषय त्या फरकात आहे. ‘आनंदघन’ हे नाव बाईंनी स्वतः पांघरलं होतं. वाटेल तेव्हा ते काढता येत होतं. ‘कामिनी’ हे नाव त्यांच्यावर घातलेलं होतं. टोपणनाव घेणं आणि नाव पुसलं जाणं, दोन्हींत माणूस दिसत नाही. पण पहिल्यात तो लपलेला असतो, दुसऱ्यात त्याला लपवलेलं असतं.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. आमची थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणत असू, लग्न होऊन मुंबईला गेली आणि काही वर्षं रेकॉर्डिंगला कोरसमध्ये गायली. आम्ही तेव्हा नुकतेच प्राध्यापक झालेलो, सौंदर्यशास्त्र शिकवत होतो आणि जिभेला हाड नव्हतं. सुट्टीत ती माहेरी आली असताना आम्ही जेवता जेवता प्रवचन दिलं, की स्टुडिओत तुकडे जोडून केलेलं गाणं म्हणजे कारखान्यातला माल, त्यात आत्मा कसला? आक्का आमटी वाढत होती. म्हणाली, ‘बाळू, मग मी काय बॉयलर होते का रे?’

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण रात्री रेडिओवर एक गाणं लागलं, तेव्हा तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ‘आता ऐक. कडवं संपलं की आकार येतो, त्यात डावीकडून दुसरी मी.’ रेडिओत कुठलं डावं-उजवं! पण तिला दिसत होतं. तबकडीवर तिच्यासाठी दोनच शब्द होते : ‘आणि साथी’.

मिलिंद राजाला नागसेनाने विचारलं होतं, रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? जू? यांतलं एकही रथ नाही. ते सगळं जुळलं की आपण ‘रथ’ म्हणतो. आम्ही हे चाळीस वर्षं शिकवलं आणि ‘आर्चीज’ला अगदी लागू पडतं. पण रथाचं चाक घरी येऊन आमटी वाढत नाही. नाव हे सोयीचं लेबल असेल, श्वास मात्र कोणाचा तरी असतो. म्हणून ‘गाणं कृत्रिम, तेव्हा गाणारा खोटा’ हे आमचं जुनं अनुमान चुकलं होतं. नाव खोटं होतं, गळा खरा होता.

त्या कुचेष्टा झालेल्या ‘शुगर, शुगर’चंच पाहा. पुढच्याच वर्षी विल्सन पिकेट या मातब्बर कृष्णवर्णीय गायकाने ते आपल्या ढंगात गायलं आणि ते चाललंही. गाण्यात काहीच नसतं, तर त्याने ते उचललं असतं कशाला?

आणि हे आपल्या वाडीत आम्ही सांगावं असं नाही. इथे गाभाऱ्यात मूर्ती नाही, मनोहर पादुका आहेत. चेहरा नाही, पण कोणीतरी इथे उभं होतं, याची खूण आहे. तेवढ्यावर आपण माथा टेकतो. पलीकडे कुरुंदवाडला १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. गाणाऱ्याला समाजात मानाने उभं राहता यावं, यासाठी त्यांनी आयुष्य घातलं. तो मान मैफलीतल्या गवयाला मिळाला. कोरसमधल्या बाईपर्यंत पोचायचा राहिला.

आक्का आता नाही. ती कोणत्या कोणत्या गाण्यांत होती, ते आम्ही लिहून घेतलं नाही. तिने सांगितलेली दोन-चार आठवतात, बाकी गेली. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याच्या हातून हे राहून गेलं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी आत्या, मावशी, काका असतील, बँडमध्ये वाजवलेलं, कोरसमध्ये गायलेलं कोणी, तर आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसा, गाणी लावा, आणि ‘यात तुम्ही कुठे आहात’ हे विचारून वहीत उतरवून ठेवा.

घंटा झालेली दिसते. आम्ही थांबतो.