असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स (एएसीएम)

अमेरिकेतील शिकागो शहरातल्या कृष्णवर्णीय संगीतकारांनी मे १९६५ मध्ये स्थापन केलेली ना-नफा संस्था. 'एएसीएम' या आद्याक्षरांनीच ती सर्वत्र ओळखली जाते. पियानोवादक मुहाल रिचर्ड एब्रम्स (१९३०–२०१७) व जोडी ख्रिश्चन, ड्रमवादक स्टीव्ह मकॉल आणि कॉर्नेटवादक फिल कोहरान हे तिचे चार संस्थापक. मैफल, ध्वनिमुद्रण आणि शिक्षण ही तिन्ही क्षेत्रे वादकांनी स्वतःच्या हाती घ्यावीत व त्यांत आपल्याच रचना सादर कराव्यात, हे तिच्या कार्याचे सूत्र होय. जॅझच्या इतिहासात वादकांनी चालविलेल्या संस्था अनेक झाल्या. परंतु इतका दीर्घकाळ टिकून इतके मौलिक संगीत देणारी दुसरी संस्था क्वचितच सापडते.

पार्श्वभूमी : दक्षिणेकडील राज्यांतून स्थलांतर करून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची मोठी वस्ती शिकागोच्या साउथ साइड भागात होती. तेथील ४७ व्या आणि ६३ व्या रस्त्यांवरच्या क्लबांमध्ये रात्र-रात्र जॅझ चाले. तरुण वादक तेथेच ज्येष्ठांच्या शेजारी उभे राहून शिकत. १९६० च्या दशकाच्या आरंभी हे क्लब एकामागून एक बंद होऊ लागले. उरलेल्या ठिकाणी मालकाला ओळखीच्या चालीच हव्या असत. नव्या रचनेला तेथे जागा नव्हती. शहरातील वादकांच्या संघटनेतही कृष्णवर्णीय व गोरे यांच्या शाखा १९६६ पर्यंत वेगळ्या होत्या. क्लब गेल्याने वादकाची रोजीरोटी गेली, तशी त्याची शाळाही गेली.

या काळात एब्रम्स यांनी 'एक्सपेरिमेंटल बँड' हा तालमीपुरता वादकवृंद चालविला. त्यातून कमाई काहीच नव्हती. सदस्याने स्वतः लिहिलेली रचना आणावी, ती सर्वांनी वाजवावी आणि तिचे गुणदोष लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष कानांनी पारखावेत, अशी तिथली रीत होती. रॉस्को मिचेल, जोसेफ जार्मन, हेन्री थ्रेडगिल हे सॅक्सोफोनवादक व डबल बासवादक मलकाय फेव्हर्स यांची जडणघडण या तालमींत झाली. एब्रम्स यांचे स्वतःचे शिक्षण बव्हंशी स्वाध्यायाने झाले होते आणि ग्रंथांतून मिळविलेले रचनाशास्त्र ते तरुणांना मोकळेपणाने देत.

स्थापना व उद्दिष्टे : चौघा संस्थापकांनी शहरातील वादकांना पोस्टकार्डे पाठवून बोलावले आणि ८ मे १९६५ रोजी कोहरान यांच्या घरी पहिली बैठक झाली. संगीत कोणाचे वाजवायचे, हा तिथल्या चर्चेचा गाभा होता. आपल्या मैफलींत सदस्यांच्या मूळ रचनाच सादर होतील, असे ठरले. बैठकांचे कामकाज ध्वनिफितीवर मुद्रित केले जाई; त्यामुळे संस्थेच्या जन्माचा इतिहास सदस्यांच्या स्वतःच्या शब्दांत जतन झाला. ऑगस्ट १९६५ मध्ये इलिनॉय राज्यात संस्थेची नोंदणी झाली. तिच्या सनदेत नऊ उद्दिष्टे आहेत. तरुण वादकांना विनामूल्य शिक्षण देणे, वादकांना एकत्र आणणारी कार्यशाळा चालविणे, त्यांच्यासाठी कामाच्या संधी वाढविणे, कलावंत आणि व्यवस्थापक यांच्यात परस्पर आदर निर्माण करणे, तसेच पूर्वसूरींची परंपरा राखणे ही त्यांपैकी प्रमुख होत. एब्रम्स पहिले अध्यक्ष झाले.

मैफली : पहिली मैफल ऑगस्ट १९६५ मध्ये झाली. पुढे क्लबांऐवजी एब्राहम लिंकन सेंटरसारखी समाजकेंद्रे, विद्यापीठांची सभागृहे आणि चर्च येथे कार्यक्रम होऊ लागले. आयोजन व प्रसिद्धीचे काम सदस्यच करीत. श्रोते कधी मोजकेच असत. पण ते मद्य व गप्पांसाठी नव्हे, ऐकण्यासाठी येत. त्यामुळे दीर्घ रचना, शांततेचा वापर, तत्स्फूर्त सामूहिक वादन असे क्लबमध्ये न जमणारे प्रयोग येथे शक्य झाले. घंटा, शिट्ट्या, खेळण्यातली वाद्ये अशी 'छोटी वाद्ये' मुख्य वाद्यांच्या बरोबरीने वाजविणे ही या वादकांची ओळख बनली.

ध्वनिमुद्रण : शिकागोच्या डेलमार्क कंपनीने १९६६ मध्ये काढलेली रॉस्को मिचेल यांची 'साउंड' ही संस्थेच्या सदस्यांची पहिली ध्वनिमुद्रिका. पाठोपाठ जार्मन यांची 'साँग फॉर' आणि एब्रम्स यांची 'लेव्हल्स अँड डिग्रीज ऑफ लाइट' या मुद्रिका आल्या. अँथनी ब्रॅक्स्टन यांनी १९६९ मध्ये मुद्रित केलेल्या 'फॉर आल्टो' या दोन तबकड्यांच्या संचात एकट्या सॅक्सोफोनखेरीज दुसरे वाद्य नाही. जॅझमध्ये हे धाडस अपूर्व होते. जून १९६९ मध्ये मिचेल, जार्मन, फेव्हर्स आणि ट्रंपेटवादक लेस्टर बोवी पॅरिसला गेले. तेथे 'आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो' या नावाने त्यांनी दोन वर्षांत अनेक मुद्रिका केल्या आणि संस्थेचे नाव युरोपभर पोहोचविले. काही सदस्यांनी मुद्रणाची मालकीही आपल्याकडे घेतली. ट्रंपेटवादक वाडाडा लिओ स्मिथ यांनी 'कॅबेल' हा स्वतःचा शिक्का काढला, तर आर्ट एन्सेम्बलने 'एइको' सुरू केला.

शिक्षण : १९६७ पासून संस्थेने साउथ साइडमधील मुलांसाठी शनिवारचे विनामूल्य वर्ग सुरू केले. वाद्यवादन, स्वरलेखन, संगीतसिद्धांत यांबरोबर रचना करणे हा विषय आरंभापासून शिकविला जाई. विद्यार्थ्याने आधी दुसऱ्यांचे संगीत घोटून काढावे आणि मग कधीतरी स्वतःचे लिहावे, ही नेहमीची वाट येथे मोडली. शिक्षक म्हणजे संस्थेचे वादकच. आदल्या दिवशीच्या तालमीत सुचलेले दुसऱ्या दिवशी वर्गात येई. जमैकाहून आलेले डग्लस इवार्ट या शाळेत शिकले आणि पुढे संस्थेचे अध्यक्ष झाले. संस्थेचे तिन्ही उपक्रम असे एकमेकांना पोसत राहिले.

विस्तार व प्रभाव : एएसीएमच्या उदाहरणाने १९६८ मध्ये सेंट लुइस शहरात 'ब्लॅक आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन झाला. १९७० च्या दशकात एब्रम्स यांच्यासह अनेक सदस्य न्यूयॉर्कला गेले आणि १९८० च्या दशकात तेथे संस्थेची शाखा निघाली. आरंभी संस्थेत स्त्रिया अगदी कमी होत्या, ही तिची उणीव होती. पियानो व ऑर्गनवादक अमिना क्लॉडीन मायर्स यांनी प्रारंभीच्या काळात आपले स्थान निर्माण केले आणि बासरीवादक निकोल मिचेल या पुढे संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुइस १९७१ मध्ये सदस्य झाले. त्यांनी लिहिलेला 'अ पॉवर स्ट्राँगर दॅन इटसेल्फ' (२००८) हा ग्रंथ संस्थेचा प्रमाणभूत इतिहास मानला जातो. २०१५ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयाने संस्थेच्या वारशावर प्रदर्शन भरविले.

ब्रॅक्स्टन (१९९४) आणि लुइस (२००२) यांना मॅकआर्थर अधिछात्रवृत्ती मिळाली. एब्रम्स, ब्रॅक्स्टन व मिचेल यांना 'जॅझ मास्टर' हा राष्ट्रीय सन्मान लाभला. कमाई नसलेल्या त्या तालमींत तरुणपणी बसणारे हेन्री थ्रेडगिल यांना २०१६ मध्ये 'इन फॉर अ पेनी, इन फॉर अ पाउंड' या रचनेसाठी संगीताचे पुलित्झर पारितोषिक देण्यात आले.