विल्किन्सचे देवनागरी खिळे

इसवी सन १७९५ च्या मे महिन्याची दुसरी तारीख. इंग्लंडांतील एका खेडेगांवीं चार्ल्स विल्किन्स याच्या राहत्या घरांत छापखान्याचें काम चाललें होतें. आपल्या संस्कृत व्याकरणाच्या सोळा पृष्ठांचीं मुद्रितें त्यानें काढलीं होतीं, आणि दुपारीं दोनपर्यंत सर्व कांहीं मनाजोगतें घडत होतें. इतक्यांत घराला आग लागल्याचें ध्यानांत आलें आणि पाहतां पाहतां सबंध इमारत भस्मसात् झाली.

हा गृहस्थ कांहीं पोटासाठीं खिळे ओतणारा नव्हे. कंपनीच्या नोकरींत बंगालमध्यें असतांना तो संस्कृत शिकला. भगवद्गीतेचें त्याचें इंग्रजी भाषांतर १७८५ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. त्यापूर्वीं, १७७८ सालीं, हुगळी येथें छापलेल्या हॅल्हेडच्या बंगाली व्याकरणासाठीं त्यानेंच अक्षरें कोरलीं, आणि त्या कामीं पंचानन कर्मकार नांवाचा कसबी कारागीर त्याच्या हाताखालीं तयार झाला. विलायतेंत परतल्यावर सवड मिळतांच त्यानें देवनागरीचे पंच, साचे व खिळे स्वतःच्या हातांनीं केले. तें काम कांहीं महिन्यांतच उरकलें. पण तो हात सतरा वर्षांपूर्वीं हुगळीला बसला होता.

पोलादी कांबीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें. काजळी धरून त्याचा ठसा कागदावर पाहावयाचा. पुन्हां कानस चालवावयाची. मनास आलें म्हणजे पोलादाला पाणी द्यावयाचें आणि तो पंच तांब्यावर ठोकून साचा करावयाचा. मग शिशाचा रस ओतून हवे तितके खिळे पाडतां येतात. रोमन लिपीला लहानमोठीं मिळून बावन्न अक्षरें. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, अर्धीं अक्षरें आणि जोडाक्षरें. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या देवनागरीला सुमारे ७०० निरनिराळे पंच लागले. त्यांतून एका खिळ्याची शिरोरेषा शेजारच्या रेषेला भिडली पाहिजे; केसभर चुकली कीं शब्द तुटका दिसतो.

आगींतून विल्किन्सनें ग्रंथ, हस्तलिखितें आणि बहुतेक पंच व साचे वांचविले. बाहेर फेकलेले खिळे मात्र हिरवळीवर विखुरले. कांहीं हरवले, उरलेले निकामी झाले. म्हणजे गेलें तें शिसें. नजरेनें आणि कानशीनें घडलेलें पोलाद राहिलें. नव्यानें ओतणें अवघड नव्हतें. तरीही दहा-अकरा वर्षें तें काम पडून राहिलें, कारण इंग्लंडांत संस्कृत शिकूं इच्छिणारे मोजकेच होते. १८०६ सालीं हर्टफर्ड येथें कंपनीचें कॉलेज निघालें, तेव्हां कोठें त्या व्याकरणाची गरज उत्पन्न झाली आणि पुन्हां खिळे ओतण्यांत आले.

तोंवर हुगळीचा शिष्य पुढें गेला होता. पंचानन श्रीरामपूरच्या छापखान्यांत रुजू झाला, व त्याच्या पश्चात् जावई मनोहर यानें तें काम चालविलें. केरीचें मराठी व्याकरण तेथून १८०५ सालीं बाहेर पडलें; ग्रंथाची भाषा इंग्रजी, पण त्यांतील मराठी शब्द देवनागरींत. विल्किन्सचें व्याकरण लंडनमध्यें छापून निघावयास १८०८ साल उजाडलें. त्याच्या पहिल्या दोन फर्म्यांचीं पानें आगीच्या दिवशीं हातीं असलेल्या मुद्रितांहून फारशीं निराळीं नाहींत, असें त्यानें प्रस्तावनेंत नमूद केलें आहे.