पेशवे दरबाराचे छापचित्र (१८०७)

पेशवे दरबाराचे छापचित्र हे पुण्याच्या शनिवारवाड्यातील दरबाराचे अंतर्दृश्य दाखवणारे ताम्रपटावरील छापचित्र आहे. थॉमस डॅनियल यांच्या १८०५ मधील तैलचित्रावरून चार्ल्स टर्नर यांनी ते मेझोटिंट पद्धतीने तयार केले. मूळ तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

पार्श्वभूमी

टिपू सुलतानाविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १७९० मध्ये तह झाला. कंपनीचे पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट हे तहाची मंजूर प्रत सवाई माधवराव पेशव्यांना भर दरबारात सादर करत असल्याचा प्रसंग चित्रात आहे.

निर्मिती

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आले. पुढे पुण्यात त्यांनी सवाई माधवराव, नाना फडणवीस आदींची व्यक्तिचित्रे रंगवली. दरबाराच्या चित्रासाठीही त्यांनी अभ्यासचित्रे केली. मात्र साष्टी बेटावरील लेण्यांची रेखाटने करत असताना तापाने आजारी पडून नोव्हेंबर १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या साहित्याच्या आधारे डॅनियल यांनी इंग्लंडमध्ये तैलचित्र पूर्ण केले. मेझोटिंटमध्ये तांब्याचा पत्रा आधी सर्वत्र खरखरीत करतात व उजेडाच्या जागा घासून गुळगुळीत करतात. त्यामुळे दालनातील छायाप्रकाशाच्या सौम्य छटा छापता येतात.

दालनाचे चित्रण

हे दालन गणपती रंगमहाल असल्याचे मानले जाते. नक्षीदार खांब व कमानी, मागील बाजूस गणपतीची प्रतिमा आणि बैठकीवर लोडाला टेकलेले पेशवे असे दृश्य आहे. दरबारी मंडळी व इंग्रज पाहुणे जमिनीवरच बसलेले आहेत.

ऐतिहासिक मूल्य

१८२८ मधील आगीत वाड्याच्या आतील लाकडी इमारती नष्ट झाल्या. आज तटबंदी, दरवाजे व जोती एवढेच अवशेष उरले आहेत. त्यामुळे अंतर्भागाच्या अभ्यासात या चित्राला विशेष स्थान आहे. तथापि वेल्स हे प्रसंगानंतर भारतात आले, तर चित्र पूर्ण करणारे डॅनियलही त्या दरबारात उपस्थित नव्हते. शिवाय चित्राचा केंद्रबिंदू मॅलेट यांची कामगिरी हा आहे. म्हणून वास्तुरचना, वेशभूषा व व्यक्तींचे चेहरे यांसाठी हे चित्र उपयुक्त असले, तरी प्रसंगाची प्रत्यक्षदर्शी नोंद म्हणून ते स्वीकारता येत नाही.