कमांड लाइन साधनांचे आउटपुट आणि सॉफ्टवेअर चाचणी : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर उमटणारा मजकूर माणसाने वाचावयाचा की दुसऱ्या प्रोग्रॅमने, हा प्रश्न युनिक्स कार्यप्रणालीच्या जन्मापासून अनिर्णित राहिलेला आहे. सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात त्याची किंमत वारंवार मोजावी लागली. एखाद्या साधनाच्या आउटपुटमधील तिसरा शब्द किंवा पाचवा स्तंभ उचलून त्यावर 'उत्तीर्ण' वा 'अनुत्तीर्ण' असा निकाल देणारी चाचणी वरकरणी भक्कम दिसते. प्रत्यक्षात तिचा आधार मजकुराच्या मांडणीवर असतो आणि ती मांडणी कायम राहील असे आश्वासन बहुधा कोणीच दिलेले नसते. प्रस्तुत लेखात या नाजूकपणाचा इतिहास काही ठळक प्रसंगांच्या आधारे तपासला आहे.

मजकुराचा प्रवाह

बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच प्रोग्रॅम एकमेकांना बागेतील पाण्याच्या नळीप्रमाणे जोडता यावेत, अशी कल्पना एका टिपणात मांडली होती. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये 'पाइप'च्या रूपाने उतरवली. पुढे १९७८ मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलच्या युनिक्स विशेषांकात मॅकिलरॉय व सहकाऱ्यांनी काही तत्त्वे नोंदविली. प्रत्येक प्रोग्रॅमचे आउटपुट हे अद्याप अज्ञात अशा दुसऱ्या प्रोग्रॅमचे इनपुट होईल असे गृहीत धरावे आणि त्यात अनावश्यक मजकुराची भर घालू नये, हे त्यांपैकी एक. हे तत्त्व पाळले गेले असते तर पुढील बराचसा इतिहास घडलाच नसता. परंतु साधने लिहिणाऱ्यांना समोर बसलेला माणूसही दिसत होता. त्याच्यासाठी शीर्षके आली, स्तंभ जुळविण्यासाठी रिकाम्या जागा आल्या, लांब ओळी मोडल्या जाऊ लागल्या. डिस्कवरील जागा दाखविणारे 'डीएफ' हे याचे उत्तम उदाहरण होय. उपकरणाचे नाव लांब असेल तर त्याच्या काही आवृत्त्या एका नोंदीच्या दोन ओळी करीत आणि स्तंभ मोजणारी स्क्रिप्ट तिथेच फसे. अखेर पॉझिक्स मानकाने या साधनासाठी 'पी' हा स्वतंत्र पर्याय ठरवून दिला, ज्यायोगे मांडणी निश्चित राहते.

भाषेचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. तारखा व त्रुटिसंदेश वापरकर्त्याच्या भाषेत छापण्याची सोय झाल्यावर इंग्रजी शब्द शोधणाऱ्या चाचण्या परदेशी यंत्रांवर कोसळू लागल्या. मराठी लोकेल निवडलेल्या लिनक्स यंत्रावर 'डेट' ही कमांड महिन्याचे नाव देवनागरीत छापते. तिथे 'जॅन' ही रोमन अक्षरे शोधणाऱ्या स्क्रिप्टला काहीच सापडत नाही. म्हणूनच चाचणीच्या आरंभी लोकेल 'सी' असे ठरवून घेण्याचा परिपाठ पडला.

फ्रीबीएसडी १० चा प्रसंग

या नाजूकपणाचे सर्वांत बोलके उदाहरण २०११ मध्ये घडले. मुक्त सॉफ्टवेअर बांधण्यापूर्वी 'कन्फिगर' ही स्क्रिप्ट यंत्राची चाचणी घेते. 'युनेम' या कमांडच्या आउटपुटवरून कार्यप्रणालीचे नाव व आवृत्ती जोडून एक ओळखशब्द तयार होतो आणि तो पूर्वनिश्चित नमुन्यांशी ताडून पाहिला जातो. 'लिबटूल'च्या नमुन्यांत 'फ्रीबीएसडी१' व त्यापुढे काहीही, असा एक नमुना होता. त्याचा रोख १९९३ मधील पहिल्या आवृत्तीकडे होता आणि त्याखाली सामायिक लायब्ररी उपलब्ध नाहीत असा निर्णय नोंदविलेला होता. सप्टेंबर २०११ मध्ये फ्रीबीएसडीच्या विकासशाखेला १०.० हा क्रमांक मिळताच अत्याधुनिक प्रणाली त्या नमुन्यात अडकली. एका अंकाच्या जागी दोन अंक येतील, हा विचार नमुना लिहिताना झालेला नव्हता.

हानीचे स्वरूप येथे लक्षात घेण्याजोगे आहे. अनेक ठिकाणी बांधणी थांबली नाही. ती सामायिक लायब्ररीविना निमूटपणे पूर्ण झाली, आणि दोष पुढे त्या लायब्ररींवर अवलंबून असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकटला. लिबटूलचा सदोष भाग असंख्य प्रकल्पांनी आपापल्या संग्रहात उतरवून घेतलेला असल्याने मूळ ठिकाणी दुरुस्ती करून भागणारे नव्हते. तात्पुरता उपाय म्हणून 'युनेम'ला आपली आवृत्ती ९.९ आहे असे सांगावयास लावले गेले. चाचणीचे समाधान व्हावे म्हणून यंत्राने खोटे बोलावे, अशी ही विपरीत स्थिती होती.

त्याच वर्षी लिनक्सचा क्रमांक २.६.३९ वरून ३.० वर गेला. तीन भागांची अपेक्षा ठेवणाऱ्या स्क्रिप्टसाठी 'युनेम'ने ३.०.० असे उत्तर देणे सुरू ठेवले. फेडोरा १५ ने तर हाच गाभा २.६.४० या नावाने वितरित केला.

कराराकडे

यावरचा एक विचार बराच जुना आहे. लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेच्या १९८७ मधील पहिल्या आवृत्तीतील चाचण्या आरंभी एकूण चाचण्यांची संख्या जाहीर करीत आणि मग प्रत्येकीसाठी 'ओके' किंवा 'नॉट ओके' छापीत. संख्या आधी सांगण्याचे महत्त्व सहज ध्यानात येत नाही. केवळ 'नॉट ओके' शोधणारी चाचणी, मूळ प्रोग्रॅम मध्येच कोसळून आउटपुट रिकामे आले तरी उत्तीर्ण ठरते. जाहीर संख्या ही फसवणूक उघड करते. याउलट डॉन लिब्स यांचे १९९० मधील 'एक्सपेक्ट' आणि त्यावर उभारलेले 'डेजाग्नू' यांनी माणसासाठीचा संवादच नमुन्यांनी वाचण्याचा मार्ग स्वीकारला. त्यामुळे जीडीबीसारख्या संवादी साधनांची चाचणी शक्य झाली हे खरे, पण संदेशातील एखादा शब्द बदलला तरी चाचणी दुरुस्त करणे ओघानेच आले.

माणसासाठी एक व यंत्रासाठी दुसरे, असे दोन आउटपुट ठेवण्याची पद्धत पुढे रुजली. गिटने २०१० मध्ये 'स्टेटस' या कमांडला 'पोर्सेलिन' हा पर्याय दिला व त्याची मांडणी स्थिर राखण्याची हमी दिली. गिटच्या परिभाषेत पोर्सेलिन म्हणजे माणसासाठीचा दर्शनी भाग. तेच नाव यंत्रासाठीच्या मांडणीला मिळाल्याने नवख्यांचा गोंधळ आजही होतो. फ्रीबीएसडीने २०१६ मधील ११.० आवृत्तीत 'लिबएक्सओ' या लायब्ररीच्या साह्याने अनेक साधनांना एक्सएमएल व जेसॉन स्वरूपात उत्तर देण्याची सोय केली. तरीही २०२० मध्ये मॅकओएस ११ प्रसिद्ध झाली, तेव्हा जुन्या सॉफ्टवेअरला आवृत्ती १०.१६ अशीच सांगण्याची तजवीज ॲपलला करावी लागली.