विज्ञानमालिकांची बालवार्षिके

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा मालिकांवर बेतलेली, वर्षातून एकदा निघणारी मुलांची पुठ्ठाबांधणीची सचित्र पुस्तके. ब्रिटनमध्ये ती नाताळच्या भेटीसाठी काही महिने आधीच बाजारात येत. ‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीवर नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली. तिचे पहिले वार्षिक मँचेस्टरच्या ‘वर्ल्ड डिस्ट्रिब्यूटर्स’ने १९६५ मध्ये काढले. कथा, चित्रकथा, कोडी आणि अंतराळाविषयीची माहिती असा त्यातला मजकूर असे. याच प्रकाशकाच्या ‘स्टार ट्रेक’ वार्षिकांत अमेरिकेतील ‘गोल्ड की’च्या चित्रकथा पुन्हा छापल्या जात. त्यांतील सुरुवातीच्या चित्रकथा रेखाटणारे इटालियन चित्रकार आल्बेर्तो जोलित्ती यांनी मालिका पाहिलेली नव्हती. त्यांच्या चित्रांत यानाच्या मागून ज्वाळा निघताना दिसतात, त्या त्यामुळेच. संग्राहकांना या चित्रांचे विशेष प्रेम आहे, आणि ते योग्यच आहे: मालिकेच्या तुटपुंज्या खर्चाला न परवडणारे ग्रह कागदावर सहज उभे राहत.

मराठीत वार्षिकाची जागा दिवाळी अंकाची. बालभारतीचे ‘किशोर’ हे मुलांचे मासिक १९७१ मध्ये सुरू झाले, आणि त्याचाही दिवाळी अंक निघतो. चित्रकथेतले अंतराळ मात्र मराठी मुलांना मुख्यतः ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून भेटले. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या या मालेत वेताळ आणि मँड्रेकसोबत अंतराळात साहसे करणारा फ्लॅश गॉर्डनही होता. १९९० मध्ये माला थांबली. त्याआधी, १९८९ मध्ये, दूरदर्शनवर ‘इंद्रधनुष’ ही मुलांची हिंदी विज्ञानमालिका आली होती.