एअर फ्लो सेन्सर : बदलण्याआधी तपासा

पंधरा-वीस वर्षे वापरलेली फ्युएल इंजेक्शनची मोटार एकाएकी झटके देऊ लागते, सिग्नलला बंद पडते, पेट्रोलही जास्त पिते. अशा वेळी गॅरेजमध्ये अनेकदा पहिला संशय एअर फ्लो सेन्सरवर घेतला जातो. हा भाग महाग असतो आणि जुन्या मॉडेलसाठी सहज मिळतही नाही. त्यामुळे तो बदलण्यापूर्वी दोष खरोखर त्याचाच आहे का, याची खातरजमा करणे हिताचे. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर बहुधा पुरतो.

सेन्सरचे कार्य

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिनात शिरणारी हवा हा सेन्सर मोजतो आणि त्यानुसार ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. १९७० च्या दशकातील बॉशच्या एल-जेट्रॉनिक पद्धतीत हवेच्या झोताने उघडणारी झडप असे. पुढे तापलेल्या तारेचा सेन्सर आला. हवेने थंड होणाऱ्या तारेचे तापमान राखण्यास किती वीज लागते, यावरून हवेचे वस्तुमान कळते. मात्र अनेक छोट्या मोटारींत असा सेन्सर नसतोच. तेथे इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजला जातो. म्हणून आपल्या गाडीतील पद्धत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी पाहावी.

प्रथम नळी पाहा

सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधील रबरी नळीला कालांतराने भेगा पडतात. तेथून शिरणारी हवा मोजली जात नाही, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन अडखळते. नळी वाकवून तिच्या घड्या नीट पाहाव्यात, क्लॅम्प घट्ट करावेत. एअर फिल्टर आणि सेन्सरचा कनेक्टरही तपासावा.

मल्टिमीटरची चाचणी

गाडी मोकळ्या जागी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करावी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. इग्निशन सुरू केल्यावर पुरवठ्याच्या वायरीवर मॅन्युअलमध्ये दिलेला, बहुतेक तारेच्या सेन्सरांत सुमारे १२ व्होल्टचा, दाब मिळायला हवा. तो नसेल तर दोष वायरिंगचा किंवा फ्यूजचा समजावा.

इंजिन गरम झाल्यावर संदेशाच्या वायरीवर आयडलिंगला साधारण १ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबताना तो सलग वाढला पाहिजे. मध्येच तो कोसळला, अथवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर हलके टकटक करताच उड्या मारू लागला, तर सेन्सर सदोष मानता येतो. काही सेन्सर व्होल्टेजऐवजी फ्रीक्वेन्सीने संदेश देतात. तेथे तशी सोय असलेला मीटर लागतो.

झडपेच्या सेन्सरमध्ये इंजिन बंद पण इग्निशन सुरू ठेवून झडप बोटाने अलगद उघडावी. ती न अडकता हलली पाहिजे, सोडताच परतली पाहिजे आणि मीटरवरील आकडा अखंड बदलला पाहिजे. काही गाड्यांत झडप हलताच पेट्रोल पंपाचा आवाज येतो. ते स्वाभाविक आहे.

स्वच्छता

तापलेल्या तारेवर धूळ किंवा तेलाचा थर बसला की ती हवा कमी दाखवते. तेल लावलेला कापडी फिल्टर हे त्याचे एक कारण ठरू शकते. सफाईसाठी याच सेन्सरकरिता मिळणारा स्प्रे वापरावा, तारेला बोट वा कापूस लावू नये आणि ती पूर्ण वाळल्यावरच इंजिन सुरू करावे.

एवढे करूनही आकडे योग्य येत असतील, तर दोष इंजेक्टर, पेट्रोलचा दाब, ऑक्सिजन सेन्सर किंवा कूलंटचे तापमान सेन्सर यांत शोधावा. काळा धूर हे जादा पेट्रोलचे लक्षण असल्याने तो दिसत असेल तर हा शोध अधिक अगत्याचा. नवा सेन्सर बसवण्यास संमती देण्यापूर्वी मेकॅनिकला जुन्याचा आकडा मीटरवर दाखवण्यास अवश्य सांगावे.