मॅन्युअलच खरी, हे खरे नव्हे

सातारा-सांगलीकडे जुन्या गाड्यांचा नाद असलेल्यांत एक मत इतके पक्के बसले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. जुनी, मोठ्या इंजिनाची, अंगात दम असलेली गाडी घ्यायची तर ती गिअरचीच घ्यावी. ऑटोमॅटिक ही शहरातल्या ट्रॅफिकची सोय. घाटात ती चालत नाही, बिघडली तर कोणी हात लावत नाही, आणि तिच्यात गाडी चालवल्याचे समाधान नाही. कोणाच्या हाती एखादी अमेरिकन व्ही-एट आली आणि ती ऑटोमॅटिक निघाली, तर पहिला सल्ला मिळतो तो गिअरबॉक्स बदलून टाकण्याचा. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी चांगल्या गाड्या बिघडतात, असे माझे म्हणणे आहे.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा. शास्त्री-पंडितांच्या वाईने ही रीत जपली, आणि आपल्या वादातला, पाचगणीला चढणारा पसरणी घाटही वाईतूनच सुरू होतो. तेव्हा तीच रीत पाळू.

आपल्याकडच्या माणसाचा अनुभव खोटा नाही. त्याने गाडी शिकली ती 1089 सीसीच्या फियाटवर किंवा 1489 सीसीच्या अॅम्बॅसडरवर. 1984 साली हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा आणली. लांब बॉनेट, मागच्या चाकांना ड्राइव्ह, रुंद बसकण. रुबाब थेट अमेरिकन. पण बॉनेटखाली सुरुवातीला अॅम्बॅसडरचेच 1489 सीसीचे इंजिन होते, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचे. चार माणसे आणि डिकीत सामान घेऊन अशी गाडी पसरणी चढवायची म्हणजे इंजिनाचा दम सांभाळत जावे लागे. वळण दिसताच तिसऱ्यावरून दुसरा वेळेवर पडला नाही तर गाडी दम खायची, मग पहिल्याशिवाय सुटका नाही. इंजिनात जे कमी होते ते ड्रायव्हरचा हात भरून काढत होता. अशा गाडीला त्या काळचा ऑटोमॅटिक जोडला असता तर तेलात वाया जाणारी शक्ती तिला परवडली नसती. इतके म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पुढे इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा कॉन्टेसा खरी पळू लागली. त्या गाडीतही मी गिअरच मागेन.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. लहान इंजिनाच्या गाडीवर कमावलेला नियम आपण 5.7 किंवा 7 लिटरच्या इंजिनाला लावतो. या इंजिनांचा जोर वरच्या फेऱ्यांवर शोधावा लागत नाही. आयडलच्या जरा वर गेले की तो हजर असतो. तिथे गिअर सतत बदलत राहण्याची गरजच उरत नाही.

आकडे पाहू. जनरल मोटर्सच्या साठच्या दशकातल्या नावाजलेल्या चार गिअरच्या मन्सी एम-20 मध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर 2.52 होते. त्याच कंपनीच्या 1964 साली आलेल्या टर्बो हायड्रामॅटिक 400 या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये ते 2.48. म्हणजे जवळजवळ सारखेच. पण ऑटोमॅटिकच्या पुढे टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या डब्यात दोन पात्यांची चक्रे समोरासमोर असतात. इंजिनाचे चक्र तेल फेकते, गिअरबॉक्सचे चक्र ते झेलते, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून त्याचा जोर पुन्हा कामाला लावतो. थांबलेली गाडी उचलताना यामुळे इंजिनाचा टॉर्क दुपटीच्या आसपास होऊन पुढे जातो. चढावर थांबून निघताना 2.48 ची ताकद जवळपास पाचाच्या गुणोत्तराइतकी होते. 'ऑटोमॅटिकला चढावर जोर नाही' म्हणणाऱ्याने या हिशेबाचे उत्तर द्यावे.

आता हा हिशेब आपल्या रस्त्यावर आणू. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर पुढे आला आणि समोरून वाहने येत असली, की मागच्या गाडीला चालण्याच्या वेगाने सरकावे लागते. थांब, निघ, पुन्हा थांब. मॅन्युअलमध्ये हे सगळे अर्ध्या क्लचवर चालते, आणि थोड्याच वेळात क्लचप्लेट जळल्याचा वास केबिनमध्ये येतो. मोठ्या व्ही-एटच्या क्लचचे पेडल इतके जड असते की पायही भरून येतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत निघताना घासली जाणारी क्लचप्लेट नाही. घसरते ते तेल. तेल तापते हे खरे, म्हणून रेडिएटरमधला ऑइल कूलर साफ असावा आणि आपल्या उन्हाळ्यात बाहेरचा वेगळा कूलरही लावावा. तो काढता येतो, गाडीला इजा होत नाही.

उताराचा आक्षेप जास्त गंभीर आहे. 'ऑटोमॅटिक इंजिनावर धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.' हा अनुभव कुठून आला ते समजून घेतले पाहिजे. लीव्हर डीमध्ये ठेवून गाडी उतरवली, तर वरच्या गिअरमध्ये इंजिनाची पकड कमी मिळते, आणि पहिल्या गिअरला एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. चाके इंजिनापेक्षा जोरात फिरू लागली की तो मोकळा सुटतो. लीव्हर हाताने 1 वर आणला की आतला पट्टा आवळला जातो आणि तोच पहिला गिअर इंजिनावर घट्ट धरतो. त्यासाठीच ती जागा लीव्हरवर दिलेली असते. पाचगणीहून वाईला उतरताना लीव्हर 2 वर, गरज पडली तर वेग कमी करून 1 वर आणायचा, एवढे केले तर आक्षेप उरत नाही. उलट आपल्याकडे पेट्रोल-डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे किती आहेत, हे या रस्त्यांवर चालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गिअर हातात आहे म्हणून गाडी इंजिनावर राहीलच असे नाही.

या गैरसमजाला अलीकडे आणखी एक खतपाणी मिळाले. 2014 साली मारुतीची सेलेरिओ एएमटी आली आणि ऑटोमॅटिक सामान्य घरात पोचली. पण एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच; त्याचा क्लच आणि लीव्हर यंत्र हलवते. चढावर ती मागे सरकते, गिअर टाकताना झटका देते, घाटात दुसरा की तिसरा या गोंधळात पडते. हा अनुभव घेतलेला माणूस 1969 च्या अमेरिकन ऑटोमॅटिककडे त्याच नजरेने पाहतो. दोन्ही यंत्रांचा एकमेकांशी संबंध नाही.

'पण अस्सल मसल कार म्हणजे चार गिअरचीच,' हा आग्रह इतिहासात टिकत नाही. 1970 सालच्या प्लिमथ हेमी कुडाच्या 652 हार्डटॉप गाड्या निघाल्या. त्यांतल्या 284 ला चार गिअरचा मॅन्युअल होता, 368 ला क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक. उघड्या टपाच्या 14 निघाल्या, त्यांत ऑटोमॅटिक 9. मसल कारच्या नादातली सगळ्यांत मानाची गाडी, आणि तिच्यातही ज्यांनी नवी विकत घेतली त्यांनी जास्त करून ऑटोमॅटिकच मागितली. ऑटोमॅटिक नाजूक म्हणावी तर 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेला हायड्रामॅटिक दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत वापरला गेला. त्या घराण्याच्या यंत्राला नाजूक म्हणणे अवघड आहे. आपल्या गाड्यांच्या मूळ घराण्यातही ऑटोमॅटिक दिसते. कॉन्टेसा ज्या व्हॉक्सॉल व्हिक्टरवरून घेतली ती ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकमध्येही मिळत होती, आणि अॅम्बॅसडरची आई असलेल्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीला क्लचचे पेडल नसलेला मॅन्युमॅटिक पर्याय होता. ते पर्याय आपल्याकडे आले नाहीत. 1954 च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतले जुळणीचे काम गुंडाळल्यावर अमेरिकन ऑटोमॅटिक तर इथल्या गॅरेजला दिसेनाशीच झाली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडल्या, पण पुढे तिथेही फियाटच उरली. जे यंत्र पाहिलेच नाही त्याबद्दल आपले मत बनले.

दुरुस्तीचा मुद्दा मात्र मी हलका करणार नाही. मिरजेपासून किर्लोस्करवाडीपर्यंतच्या पट्ट्यात लेथवर शाफ्ट, बुश, गिअर करून देणारे कसबी हात आहेत. मॅन्युअल गिअरबॉक्स ते उघड्या डोळ्यांनी वाचतात. ऑटोमॅटिकच्या व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटांत धुळीचा कण अडकला तरी गिअर चुकतो, आणि आतल्या क्लचप्लेटा, सील बाहेरूनच मागवावे लागतात. पण टॉर्कफ्लाइट आणि टर्बो हायड्रामॅटिक लाखोंनी निघाले. त्यांचे दुरुस्तीचे संच आजही नवे बनतात. शिवाय बहुतेक 'गेलेल्या' ऑटोमॅटिक गेलेल्या नसतात. गाडी गरम करून, इंजिन आयडलवर ठेवून डिपस्टिक काढा. जनरल मोटर्सच्या गाडीत लीव्हर पार्कवर, त्या काळच्या क्रायस्लरच्या गाडीत न्यूट्रलवर, कारण तिथे पार्कवर पंप कन्व्हर्टर भरत नाही आणि पातळी चुकीची दिसते. तेल लाल आणि स्वच्छ असेल तर गिअरबॉक्स खोलायची घाई नको. तपकिरी पडले असेल, जळका वास येत असेल, तर क्लच जळले. आणि टॉर्कफ्लाइटमध्ये ते जळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कार्बोरेटरपासून येणारा थ्रॉटल प्रेशरचा दांडा नीट जुळवलेला नसणे. कार्बोरेटर बदलताना तो दांडा अनेक जण सोडून देतात.

बदल करणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. ज्या अमेरिकन गाड्यांना चार गिअर कारखान्यात लागले, त्यांतल्या पुष्कळांच्या फ्लोअरला लीव्हरसाठी वेगळा उंचवटा वेल्ड केलेला असे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर घालायचा म्हणजे तो फ्लोअर कापायचा आणि क्लचच्या पेडलसाठी आणखी फेरफार करायचे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपुढील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते ती मूळ रूपात असेल तर. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सुद्धा मूळ बनावटीत फेरफार करण्यावर बंधने घालते. ही गोष्ट दोन्ही बाजूंना लागू आहे: कॉन्टेसात जपानी ऑटोमॅटिक कोंबणारा तितकाच चुकतो.

तेव्हा माझा निकाल असा. कॉन्टेसा, अॅम्बॅसडर, फियाट गिअरच्याच ठेवा. मोठी व्ही-एट निवडायची संधी असेल, आणि ती सातारा-महाबळेश्वर-चिपळूण असल्या रस्त्यांवर घरच्यांना घेऊन चालवायची असेल, तर ऑटोमॅटिक घ्या. पेट्रोल जास्त खाईल. तेवढे मान्य करून घ्या. हाताने गिअर टाकण्याचा आनंद हवा असेल तर कारखान्यातूनच गिअर घेऊन आलेली गाडी शोधा. आणि गाडी आधीच घरात असेल तर पाना हातात घेण्यापूर्वी तिचा कारखान्याचा टॅग वाचा. त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांच्या फेंडर टॅगवर डी21 असेल तर ती चार गिअरची जन्मली, डी32 असेल तर टॉर्कफ्लाइटची. डी32 च्या गाडीतून कोणी टॉर्कफ्लाइट आधीच काढला असेल, तर तो भंगारात जाऊ देऊ नका. गाडीसोबत जपून ठेवा आणि विकताना गाडीबरोबरच द्या.